वारा असेल

४ मार्च
नोकरी लागली, तीही व्हिडिओ गेम खेळायची! यासाठी कोणी पगार देतं हे आईला अजून पटत नाही. लपतछपत किल्ल्यात शिरायचं, पहारेकऱ्यांना चुकवायचं आणि गेममधल्या चुका सापडतील तशा कळवायच्या, एवढंच काम. ऑफिस तळघरात आहे, पण उजेड भरपूर. आधीचा टेस्टर तीन दिवसांपूर्वी न सांगता निघून गेला. यादीत पुढचं नाव माझं, म्हणून लगेच बोलावणं आलं. टेबलावर त्याचा जेवणाचा डबा तसाच पडलाय.
दुपारी बोळाच्या टोकाकडून ठकठक ऐकू आली. शेजारच्या प्रोग्रामरला विचारलं. सगळे त्याला पंडित म्हणतात. तो म्हणाला, वारा असेल. तळघरात वारा! मी पोट धरून हसलो.

६ मार्च
पहारेकरी म्हणजे निव्वळ ठोंबे आहेत. सोबत्याच्या गळ्यात बाण घुसलाय, हा वाकून बघतो, ‘कोण आहे रे?’ विचारतो, दोन फेऱ्या मारतो आणि म्हणतो, ‘वारा असेल.’ मग त्याच मेलेल्याच्या हातावर पाय देऊन पहारा सुरू! बघून किळस आली. जिवंत माणूस असं वागत नाही, असं मी कळवलं. पंडितने उत्तर दिलं की हे मुद्दामच केलंय. पहारेकरी शोधत बसले तर खेळ पुढे कसा जाणार?

९ मार्च
ऑफिसात घाण वास येतोय. सगळ्यांनी नाकं मुरडली, उंदीर मेला असेल म्हणाले, सुगंधी फवारा मारला आणि तिथेच बसून जेवले. पंडितने तर बोटं चाटली. मी माझा डबा तसाच बंद केला.

११ मार्च
आधीच्या टेस्टरची आई आली होती. रिसेप्शनवरच्या ताईंनी सांगितलं, तो नोकरी सोडून गेला. म्हातारी म्हणाली, डबा टाकून तो कुठे जायचा नाही. ताई क्षणभर थबकल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा नखं रंगवू लागल्या. मीच तो बुरसटलेला डबा तिच्या हातात दिला. तिने तो पदराने पुसला.
शिसारी आली मला या लोकांची.

१२ मार्च
वास बोळाच्या टोकाच्या खोलीतून येतो. पहारेकऱ्यांचे आवाज तिथेच रेकॉर्ड केले होते, आता कोणी जात नाही. दाराची मूठ बाहेरून शाबूत आहे. पंडितला म्हटलं, चल, बघू. त्याने मान वर केली, बोळाकडे पाहिलं आणि मान पुन्हा खाली घातली. गेला उडत. मी एकटाच जातोय.

१२ मार्च, नंतर
दार आपोआप लागलं. आतून मूठच नाही. मूठ आधीच्या टेस्टरच्या हातात आहे — मोडलेली. कोपऱ्यात बसलाय. माश्या. बोटांची सालं निघालीत, दारावर ठोकून ठोकून. दोनदा ओकलो.
मूठ बसवून पाहिली. बसत नाही. फोन टेबलावर राहिला, खिशात ही वही तेवढी. ओरडलो की रेकॉर्डिंगसाठी लावलेल्या गादीच्या भिंती आवाज गिळतात.
मी आलो त्या दिवशीची ठकठक — तो जिवंत होता. आणि मी हसलो.

१३ मार्च, बहुतेक
मुठीच्या जागी भोक आहे. बोट जाईल एवढं. पावलं ऐकू येतात. येतात, थांबतात, कोणीतरी नाकाने हुंगतं — परत जातात. ठोकलं की पुन्हा येतात, पुन्हा जातात. एकजण तर शिट्टी वाजवत गेला. थू.
त्याच्याकडे पाठ करून बसलोय. तरी वास तोंडात.

तारीख —
पाणी नाही. पावलं. बाहेर अनोळखी, कोवळा आवाज. विचारतोय, ही ठकठक कसली. माझी खुर्ची त्याला दिली वाटतं. भोकाला तोंड लावलंय — घशातून नुसती हवा —
आई येईल शोधत. ताई तिला सांगतील —
पंडित काहीतरी म्हणाला. आणि तो नवा पोरगा हस