घासलेटाच्या आधीचा वास

बाबा, काल तुमच्या नावाचं समन्स घरी आलं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, हे कोर्टाला ठाऊक नाही. मी कोर्टात जाऊन विचारलं, तर बेलिफाने मान वर न करताच दुजोरा दिला : "हो, तेच सडक्या मटणाचं प्रकरण. चालूच आहे. मृत्यूचा दाखला आणून द्या ना भाऊ, मिटूनच जाते." जप्तीचे पंच केव्हाच जबाबावरून फिरले, उरली होती ती तुमची साक्ष. तुम्ही जिवंत होता तेव्हा नुसत्या तारखा दिल्या, आणि आता बोलावतात! तुम्ही नाही, म्हणजे तो मटणाचा व्यापारी सुटला.

तो मे महिना मला लख्ख आठवतो. नागपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात हॉटेलांसाठी मटणाच्या टोपल्या उतरल्या आहेत, बर्फाचं पाणी झालं आहे, आणि तुम्ही, सरकारी अन्न निरीक्षक, माल जप्त करता. नमुने घेऊन बाकीचं पुरायचं. पण नुसतं पुरलं तर लोक उकरून विकतात, म्हणून वर घासलेट ओतायचं. आणि घासलेटाची मंजुरी वरून येता येत नाही. तुम्ही सायकल मारत घरी येता, तर आई दारातच अडवते. "तिथंच थांबा जी! कायचा वास आणून राहिले घरात?" तुम्ही घासलेटाचा डबा मागता. "काहून? सडकं मटण सरकारचं, अन् घासलेट माह्या स्टोव्हातलं?" तुम्ही डबा नेलातच. संध्याकाळी स्टोव्ह पेटलाच नाही, ताटात चुरमुरे पाहून मी कुरकुरलो, तर म्हणालात, "तू चुरमुऱ्यानं मरत नाहीस. ते मटण खाणाऱ्याचं सांगता येत नाही."

आरोपीच्या वकिलाचं तेव्हापासून एकच पालुपद : मटण ताजं होतं, वास होता तो घासलेटाचा. ते ऐकून मी विटलो आहे. काल जेवताना आईपुढे बोललो, तर तिने ताट सरकवलं. "डबा न्याले आले तवाच त्यायच्या सदऱ्याले वास होता. घासलेट तर अजून माह्या घरात होतं! मले काहून नाही इचारलं कोणी?"

खरंच, कोणीच विचारलं नाही. मीही नाही.

सरकारी वकील म्हणतात, तिला साक्षीदार करण्याचा अर्ज देऊ, पण मंजूर होणं कठीण. सोमवारी तारीख आहे. आईने लुगडं काढून ठेवलं आहे. आणि हे पत्र कुठे टाकणार, म्हणून सांगून टाकतो : वर्तमानपत्रातल्या नोकरीची खोड, व्यापारी सुटल्याची बातमी मी आधीच लिहून ठेवली आहे. आज फक्त त्या बातमीत आईसाठी चार ओळींची जागा सोडली.