‘थेटिस’वर होडी राहणार नाही

मी, नुमिसिया टर्टुला, दिवंगत स्टाटियस फेलिक्स यांची पत्नी, राहणार ओस्टिया, धान्यकोठारांच्या मागची गल्ली, पूर्ण शुद्धीत हे लिहवून घेत आहे. गुडघे सोडले तर माझं सगळं शाबूत आहे, आणि डोकं तर जावयाच्या सोयीपेक्षा जास्तच. तीन लेकरांना जन्म दिल्यामुळे कायद्याने मला कुणा पुरुष पालकाची संमती लागत नाही. त्यांतली दोन देवाघरी गेली. उद्या पहाटे मी माझ्याच ‘थेटिस’ जहाजाने कार्थेजला निघत आहे. हिवाळ्यासाठी समुद्र जहाजांना बंद व्हायला थोडेच दिवस उरले आहेत आणि वारा चांगला नाही.

एक. माझी मुलगी स्टाटिया माझी एकमेव वारस असो. घर, धक्क्यावरची वखार आणि चांदीची तबकं तिची. तिचा नवरा ती तबकं पाहुण्यांना ‘आमच्याकडची’ म्हणून दाखवतो. ती माझ्या आईची आहेत, हे येथे नमूद करते.

दोन. माझा गुलाम हर्मेरोस, ‘थेटिस’चा सुकाणूवाला, माझ्या मृत्यूच्या क्षणापासून मुक्त असो. पाण्याची खोली मोजायचं माझ्या नवऱ्याचं शिसं त्याला द्यावं. त्याच्या बुडाला चिकटलेली वाळू पाहून तो कुठला किनारा आला ते सांगतो. असा माणूस दुसऱ्याची मालमत्ता म्हणून मरू नये.

तीन. आता जहाजाविषयी, आणि हे कान देऊन ऐकावं. माल जहाजावर घेतला की तो सुखरूप पोहोचवायची हमी मालकाची. मालक बाई असली तरी तेच. उंदरांनी कुरतडला, खलाशाने चोरला, कप्तानाने लबाडी केली, तरी भरपाई मालकाने द्यायची. फक्त वादळ आणि चाचे यांच्यापुढे कायदा हात टेकतो. या एवढ्याशा फटीतून माझा जावई, कप्तान गावियस मोडेस्टस, दोनदा बाहेर पडला.

दोन्ही वेळा हंगामाच्या शेवटी, दोन्ही वेळा मोहोरबंद पेट्या. माल आधीच कुठेतरी विकलेला आणि पेट्यांत रेती, असं मी म्हणते. पुरावा समुद्राच्या तळाशी आहे. दोन्ही वेळा माझं जहाज बुडालं आणि हा जहाजामागची होडी घेऊन कोरड्या अंगाने घरी आला. न्यायाधीश म्हणाले, “समुद्राला कोण जाब विचारणार?” दुसऱ्या खेपेला माझा ट्रोफिमस गेला. माझ्या घरात जन्मलेला, माझ्या हातचं खाऊन वाढलेला गुलाम. त्याच्यासाठी मी अजून रडते, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

दोन्ही वेळा निघण्याआधी मोडेस्टसने आपला कुत्रा माझ्या दारी आणून बांधला होता. एरवी तो कुत्र्याशिवाय समुद्रावर जात नाही. काल संध्याकाळी कुत्रा पुन्हा आला. मोडेस्टस म्हणाला, “सासूबाई, याला हल्ली लाटा सोसत नाहीत.”

त्याला कामावरून काढलं, तर उद्या दुसरा मालक त्याला आनंदाने घेईल आणि तिथेही माणसं आहेतच. म्हणून माझी आज्ञा अशी: ‘थेटिस’ बुडालं, तर माझ्या वारसाने वादळाची सबब सांगू नये. व्यापाऱ्यांचा सगळा माल घर विकून भरून द्यावा. स्टाटिया, तुझ्या वाट्याला मग काहीच उरणार नाही, हे मला कळतं. नवऱ्याला आजच्या रात्रीत समजावता आलं तर समजाव.

चार. जहाजामागे बांधलेली होडी मी साक्षीदार टुरानियस दोरवाला यास देते. माझ्या मरणाची वाट न पाहता त्याने ती दुपारीच नेली असून मोडून काढलेल्या तिच्या फळ्या त्याच्या अंगणात पडल्या आहेत. खलाशांच्या वाट्याला ती होडी तशीही कधी आली नव्हती.

हे लिहून होत असताना मोडेस्टस आत आला. मी लेखनिकाला सगळं त्याच्यापुढे, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचायला लावलं.

तो हसला. “म्हातारपणी काय भलतंच सुचतंय, सासूबाई! तुम्ही कशाला येताय? थंडीने काकडाल.”

“तुम्ही आहात ना ऊब द्यायला, जावईबापू.”

मग तो म्हणाला, “या खेपेला हर्मेरोसच नेऊ दे जहाज. माझं पोट कालपासून बरं नाही.”

टुरानियस म्हणाला, “आत्ता धक्क्यावर मासे हाणत होतास की!”

“या खेपेच्या मोहोरबंद पेट्याही तुम्हीच घेतल्यात, माझ्या वतीने हमी तुमच्या तोंडून गेली आहे,” मी म्हटलं. “कप्तान तुम्हीच. पहाटे धक्क्यावर दिसला नाहीत, तर हे सातही साक्षीदार पेट्या फोडायला बंदर अधिकाऱ्याला घेऊन येतील.”

तो खुर्चीत बसला. घाम त्याच्या हनुवटीवरून गळत होता. ओस्टियात जन्मलेल्या माझ्या जावयाला पोहता येत नाही, हे आजवर फक्त त्याच्या बायकोला आणि मला माहीत होतं. मलाही येत नाही. पहाटे आम्ही दोघं एकाच जहाजावर चढू.

वरील सर्व मी ऐकलं, मला मान्य आहे, आणि मेणावर माझी मुद्रा उमटवली आहे.

नुमिसिया टर्टुला

मोहोर लावणारे साक्षीदार: टुरानियस दोरवाला, काल्वेंटियस धान्यमाप्या, अर्बानियस सुतार, लिवियस झोसिमस, पेट्रोनियस बेकरीवाला, कोसिनियस, वेटियस अम्प्लिआटस.

ओस्टिया, नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसाला चार दिवस बाकी असताना, दिवेलागणीला.