मनगटावरची बुरशी

८ जुलै
आज रुजू झाले. संशोधन केंद्र जामखेडच्या पुढे, माळावर आहे. आप्पा पाथर्डीहून एसटीने सोडायला आले होते. सूक्ष्मदर्शकाला हात लावायलाही ते बिचकत होते. पोरगी नक्की काय बघणार, असं त्यांनी केंद्रप्रमुख रविराज सरांना विचारलं. सर म्हणाले, भुंगेऱ्यांच्या अंगावरची बुरशी. स्वयंपाकाच्या लंकाबाई फिसकन हसल्या, "बुरशी बघायचा पगार? मंग माझी भाकरीची टोपली बी बघा की!" आप्पाही हसले. ऊसतोडीच्या घरातली पहिली पदवी माझी, पहिली नोकरीही माझी.

१९ जुलै
किती देखणी असते ही बुरशी! खाली काळा पाय, भुंगेऱ्याच्या कवचात रुतलेला. वर देठ, देठावर बीजाणूंनी भरलेली इवलीशी सुरई, बाजूला दोन-तीन केस. भुंगेरा मेला की तीही मरते, म्हणून सर सगळे भुंगेरे जिवंत ठेवतात. नरावर तिचं एक रूप, मादीवर दुसरं. दोन्ही पाहिल्याशिवाय जातीचं वर्णन पुरं होत नाही.

२ ऑगस्ट
माझ्या डाव्या मनगटावर काळे ठिपके. भिंग लावलं. पाय, देठ, सुरई. माणसाच्या अंगावर! घाबरायला हवं होतं, पण मला आनंदच झाला. सर म्हणाले, या जातीला तुझं नाव देऊ. राजेश्वरी हे नाव पुस्तकात छापलं जाईल. खरवडून पाहिलं. देठ तुटतो, पाय आतच राहतो.

११ ऑगस्ट
दंडापर्यंत आली. स्पर्शाने पसरते. ती गावात पसरायला नको म्हणून परवा मीच सरांना म्हटलं, मला मागच्या खोलीत ठेवा. त्यांनी शाबासकी दिली, मोबाईल घेतला, बाहेरून कुलूप लावलं. लंकाबाई काल दाराआडून म्हणाल्या, "ताई, हितं ऱ्हाऊ नगं." आज ताट सरांनी आणलं. लंकाबाईंना काढून टाकलंय. औषध मागितलं तर म्हणाले, नमुना खराब होईल.

१७ ऑगस्ट
बोटं एकमेकांना चिकटतात. सर खूश आहेत. मादीवरचं वर्णन पुरं झालं. आता नर हवा. रक्ताच्या नात्यातला असला तर लवकर रुजेल, असं—
सरांनी आप्पांना फोन केलाय. पहारेकऱ्याची नोकरी देतो म्हणून. आप्पा आनंदाने रडले म्हणे. सर हे हसत सांगत होते.

१८ ऑगस्ट
ओरडून पाहिलं. आवाज नाही. घशातही—

१९ ऑगस्ट
आप्पा आले. दाराबाहेर आहेत. "राजे, आलो गं बाये! आजारी पडलीस अन् बापाला सांगत न्हाईस व्हय?"
आवाज फुटेना, घाईघाईत चिठ्ठी लिहून दाराखालून सरकवली. आत येऊ नका. मला शिवू नका.
आप्पा हसले. "आगं, तुझ्या बापाला कुठं वाचता येतंय, इसरलीस? सायेब, तुमीच वाचा."
सरांनी वाचली. मोठ्याने. आप्पा, लवकर आत या, मला जवळ घ्या—
खोटं— मी असं न्हाई—
कुलूप निघालं. पाठीने दार दाबून धरलंय. ते ढकलताहेत— सरकतंय—
आप्पा हात न