डाव्या अंगाची झीज

ता. १४ नोव्हेंबर, मंगळवार, दुपार

चि. डावरीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र येऊन तीन महिने झाले आणि उत्तर आज लिहितो आहे, याची आधी माफी मागतो. बापाने मुलीची माफी कशी मागायची ते मला माहीत नाही. चार इयत्ता शिकलो, त्यात ते नव्हते. तुझी आई रोज विचारायची, "लिहिलंत का?" मी रोज म्हणायचो, "उद्या." काल ती म्हणाली, "तुमचा उद्या म्हणजे वाटेत हरवलेला पाहुणा." म्हणून आज बसलोच. अक्षर वाकडे येते आहे. पेन खराब आहे, समजून घे.

आम्ही बरे आहोत. आईचा गुडघा होता तसाच आहे. शेजारच्या शिंप्याने दुकानाला निळा रंग दिला, तो इतका भडक की आपल्या आरशात गिऱ्हाइकांची तोंडे निळी दिसतात. तू वेळेवर जेवतेस ना? खोलीच्या दाराला आतून कडी आहे ना? दुकान अगदी रस्त्यालगत असेल तर मोठी गाडी गेली की जमीन हादरते, तेव्हा वस्तरा गालावरून उचलत जा. आणि ओल्या फरशीवर पाय जपून टाक. नाही नाही ते मनात येते, म्हणून लिहितो.

तुझ्या दोनच ओळी होत्या. स्वतःचे दुकान काढते आहे, वस्तऱ्यांसाठी दगड कोणता घ्यावा ते कळवा. मी कागद उलटूनही पाहिला. मागे काही नव्हते.

तर दगडाचे सांगतो. दोन घे. एक जरा खरबरीत, पात्याला दाते पडले तर ते काढायला. दुसरा अगदी बारीक पोताचा, शेवटचा हात द्यायला. विकणाऱ्याचे बोलणे ऐकून घे आणि सोडून दे. दगडावर पाण्याचे चार थेंब टाक. लगेच पिऊन टाकले तर तो सुऱ्या-कात्र्यांचा दगड, माणसाच्या गालाचा नव्हे. थेंब वर तसेच बसून राहिले तर पुढचे बघ. डोळे मिटून नख फिरव. नख कुठे अडले तर ठेवून दे, कारण जिथे नख अडते तिथे पाते अडणारच. मग काचेवर पालथा ठेव. डुलला तर घेऊ नकोस, विकणारा कितीही गोड बोलला तरी. आणि घाई करू नकोस. लग्नाचा मुलगा बघायलाही कुणी इतका वेळ लावत नाही, असे तुझी आई म्हणेल, पण नवरा निदान बोलतो तरी, दगड बोलत नाही.

हे सगळे मला तोंडपाठ आहे, कारण तू गेल्यापासून मी तीन दगड घेतले.

आपला जुना दगड तू गेल्यावर उतरला. आठवडाभरात धार बसेनाशी झाली. म्हणून हिरवट दगड आणला. तो फार कडक निघाला, पाते नुसते घसरायचे. मग पिवळा आणला. तो मऊ, घासला की दुधासारखे पाणी सुटायचे, धार यायची, पण एका दाढीत जायची. तिसरा करडा. त्याची पाणी, नख, काच अशी सगळी परीक्षा केली, सगळीकडे पास. त्याच्यावर लावलेल्या वस्तऱ्याने शाळेच्या मास्तरांना हनुवटीखाली कापले. फार नाही, पण रक्त कॉलरपर्यंत आले. माझ्या हातून तुरटी घेऊन त्यांनी स्वतःच दाबून धरली. त्या दिवसापासून त्यांनी दाढी वाढवली आहे. शाळेतली मुले त्यांना आजोबा म्हणू लागली आहेत.

मी चौथा दगड बघायला निघालो तेव्हा तुझी आई म्हणाली, "आणा, आणखी चार आणा. मागची भिंत तरी होईल."

नेमके त्याच दिवशी तुझे पत्र आले. वाटले, बाजारात काय मिळणार, जुना दगडच तुला पाठवावा. उतरला असला तरी जात चांगली. सपाट केला की परत कामाला येईल. जाड काचेवर बारीक वाळू आणि पाणी घेतले आणि दगडावर पेन्सिलीने चौकटी आखल्या. तुला मीच शिकवले आहे, घासताना उंच भागावरच्या रेघा पुसल्या जातात आणि जिथे दगड खोल गेला आहे तिथल्या राहतात.

उजव्या अंगाला रेघा राहणार हे ठाऊक होते. ती माझ्या हाताची झीज, चाळीस वर्षांची. पण डाव्या अंगालाही राहिल्या. तळहाताएवढ्या जागेत, जशाच्या तशा. माझ्या हाताचा जोर तिथे कधी पडतच नाही. आणि ही एका दिवसाची झीज नव्हती.

मी फरशीवरच बसलो. तुझी आई आली, वाकून बघितले आणि म्हणाली, "तिथंच घासायची ती." एवढे म्हणून भाजी निवडायला गेली. म्हणजे तिलाही माहीत होते.

तू गेलीस त्या दिवसाचे आता लिहितो. मास्तर खुर्चीत होते, तोंडाला फेस लावलेला. तू म्हणालीस, दुसऱ्या खुर्चीवर मला काम करू द्या. मी म्हणालो, "मुलीच्या हाताखाली गळा कोण देईल?" तू म्हणालीस, "दोन वर्षं माझ्याच धारेखाली देताहेत, बाबा. दुपारी तुम्ही झोपता तेव्हा सगळे वस्तरे मीच लावते." आणि मी मास्तरांच्या देखत म्हणालो, "खोटं बोलतेस. डाव्या हातानं कधी धार लागते का?"

तू टॉवेल घडी करून ठेवलास आणि गेलीस.

ज्याला तीन महिने लागले ते पुढचे आहे. मी झोपलेला नसायचो. अधूनमधून डोळा लागायचा, पण बहुतेक दिवस नाही. मागच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून पडायचो आणि ऐकायचो. तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे. पाते जाताना एक आवाज, येताना दुसरा, आणि टोकाला उलटताना जराही खट नाही. माझा हात तेव्हापासूनच थरथरायला लागला होता. तुला थांबवले असते तर धार लावायला कुणी नव्हते. शाबासकी दिली असती तर हात गेला हे कबूल करावे लागले असते. म्हणून डोळे मिटून पडून राहिलो, आणि चारला उठून गिऱ्हाइकांकडून धारेची वाहवा घेत राहिलो. तू खोटे बोलली नव्हतीस. खोटे मी बोललो.

दगड तिन्ही चांगले होते. पेनही चांगले आहे, शिंप्याने परवाच नवे दिले.

काल मास्तरांकडे जाऊन हे सांगितले. म्हटले, "तुमच्या देखत तिला खोटं पाडलं, म्हणून तुम्हालाच सांगतो." ते म्हणाले, "बसा, चहा घ्या. तुम्ही सांगायची काय गरज? ती गेल्यावर आठ दिवसांत माझ्या हनुवटीला कळलं होतं." मग दाढी कुरवाळत म्हणाले, "ही काय हौसेनं वाढवलीय? ती येईपर्यंत आहे."

दुकान आता फक्त केस कापण्यापुरते उघडतो. दुपारी अजून त्याच बाकावर पडतो, भिंतीकडे तोंड करून. शिंप्याचे मशीन ऐकू येते, रस्त्यावरून कुणी सायकल ढकलत जाते तेही ऐकू येते. पाते कुठेच ऐकू येत नाही. एकदा ऐकल्यासारखे झाले म्हणून उठून पाहिले, तर तुझी आई पातेले घासत होती.

दगड मी पुढे घासला नाही. खोलगट दगड धार मारतो, हे मीच तुला सांगितले आहे. पण अजून तासभर घासला असता तर तुझी झीज निघून गेली असती, आणि या घरात तुझ्या हाताचे तेवढेच उरले आहे. पेन्सिलीच्या रेघा तशाच आहेत. सपाट करायचा तर तूच ये, कर आणि घेऊन जा. कोणता घ्यावा म्हणून विचारलेस, तर तो घ्यावा. तीन महिन्यांपूर्वी एवढेच लिहायला हवे होते.

दुसऱ्या खुर्चीवर टॉवेलांचा ढीग होता, तो काढून ती पुसून ठेवली आहे. माझीही दाढी वाढली आहे. दुसऱ्या कुणाकडे जावेसे वाटत नाही. तू आलीस तर मी त्या खुर्चीत बसेन, दार उघडे ठेवून, येणारे जाणारे बघू देत.

येणे होईल का ते कळव. होणार नसेल तर तसे लिही, रागाने लिही, दोनच ओळी लिही, पण लवकर लिही. टपालवाला अकराला येतो. मी साडेदहापासून दारात उभा असतो, असे तुझी आई सगळ्यांना सांगते. तेही खरे नाही, मी दहापासून असतो.

तुझा, जागाच असलेला,
बाबा