कोळशाचा आकडा

बाबा, तुमच्या कंपनीचा तो वार्षिक अहवाल अजून माझ्याकडे आहे. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर निळं आकाश आणि सिन्नरच्या कारखान्याची चिमणी. चिमणीतून धूर येत नाही, हे मला तेव्हाच खटकलं होतं.

औषधांना लागणारी खास रसायनं बनवणारी कंपनी, आणि तुम्ही तिथे बॉयलरवर. कामगारांनाही शंभर-शंभर शेअर मिळाले होते. नव्वदच्या दशकातल्या त्या तेजीत तुम्ही रोज सकाळी स्वयंपाकघरात पाटावर बसून पेपरातल्या बारीक रकान्यात बोट फिरवत भाव शोधायचात. मी केमिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. विक्री वाढली, नफा वाढला, ही पुढची पानं मी सोडून दिली. मागे वीज आणि कोळसा किती लागला याचा तक्ता होता. उत्पादन वाढलेलं, कोळसा घटलेला. प्रक्रिया तीच, बॉयलर तोच. दर टन मालामागे कोळसा किती, हा भागाकार मी दोनदा केला.

शेजारचे काका, तुमच्याच कंपनीत पॅकिंगला, चहाला आलेले आहेत. मी तक्ता तुमच्यापुढे धरते.

"काय इंजिनीअरबाई, आता आमच्या बॉयलरचीही परीक्षा घेणार का?" काका हसतात.

"बाबा, उन्हाळ्यात तुम्ही पंधरा दिवस घरी होतात. बॉयलर थंड आहे म्हणालात."

"ह्याच कंपनीच्या पगारावर शिकलीस तू. तिच्यात खोट काढायला नव्हतं पाठवलं कॉलेजात," तुम्ही म्हणता.

काका गेल्यावर कपबशा विसळताना, माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "लॉगबुकात बॉयलर चालूच आहे." लॉगबुक तुमच्या पाळीत तुम्हीच भरत होतात. त्या पंधरा दिवसांचं अक्षर कोणाचं, हे मी विचारलं नाही.

चार दिवसांनी तुम्ही शेअर सर्टिफिकेटं आणि सही केलेला ट्रान्सफर फॉर्म माझ्या टेबलावर ठेवलात. "मी काही विकणार नाही. तू काय ते बघ." ती भेट होती की कबुली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आता कारखान्यांचे हिशेब तपासते, संशय घेणं हे माझं रोजचं काम आहे. कुठल्याही आकड्यावर मी तो सहज घेते. तुमच्यापाशी आले की थांबते.

मी शेअर विकले. घेतले काकांनीच. बॉयलरवाल्याचे शेअर म्हणून ते खूश होते. "भाव चढतोय आणि तू विकतेस होय? तुझा तो कोळसा अजून धुमसतोय वाटतं?"

"नाही काका, माझा भागाकार चुकला होता. फी भरायचीय म्हणून विकतेय."

पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. त्यानंतर कळलं, की कागदावर विकलेला बराचसा माल बनलाच नव्हता. पेपरातल्या रकान्यातून कंपनीचं नाव गेलं, गेटला कुलूप लागलं. काकांची शेवटची देणीही आत अडकली.

परवा त्यांनी लोखंडी पेटीतून ती सर्टिफिकेटं काढून दाखवली. तुमच्या छापील नावावर अंगठा ठेवून म्हणाले, "तुझ्या बापाला कळलं असतं ना, तर त्याने पहिलं मला सांगितलं असतं गं."

मी म्हटलं, "हो."

हे पत्र खरं तर त्यांना द्यायला हवं. त्यांचं दार आपल्या दारापासून चार पावलांवर आहे. मी कागदाची घडी घालून तो त्या अहवालातच ठेवते आहे, कोळशाच्या पानावर. भागाकार बरोबर होता, बाबा. आणि फी तुम्ही जूनमध्येच भरली होतीत.