सासूबाईंच्या ब्युइकचे बंपर

२ मार्च
अठ्ठावन्नच्या ब्युइकचे दोन्ही बंपर उतरवले. गाडी सासऱ्यांची, म्हणजे एल्मरची; ते गेल्यापासून माझ्या ताब्यात. सासूबाईंची दृष्टी चाललीय. पार अंधार व्हायच्या आत गाडी एकदा पूर्वीसारखी चकाकताना बघायचीय म्हणतात. बायकोला, म्हणजे डार्लीनला, शब्द दिला: चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत तुझी आई पुढच्या सीटवर. निश्चय: बंपरला नवा क्रोमचा मुलामा देणारं दुकान पारखून निवडायचं. घाई नाही.

१९ मार्च
टोलेडो शहरातलं दुकान. काम उत्तम. पण मालक च्युइंगगम चघळत बोलतो. अशाच्या हाती सासऱ्यांची आठवण सोपवायची? छे.

११ एप्रिल
डेटन. तिथल्या नमुन्यासमोर पेपर धरला. क्रोममध्ये मथळा दिसला, बारीक मजकूर नाही. नापास. डार्लीन म्हणाली, अरे, आईला मथळासुद्धा दिसत नाही आता. मुद्दा तो नाही.

८ मे
शेवटी अॅक्रनला दिले. जुना क्रोम अॅसिडने काढून झाल्यावर त्यांचा फोन: खाली तांब्याचा थर एक देऊ की दोन? हे गिऱ्हाइकाला विचारतात? बंपर उचलून घरी आणले. तत्त्व म्हणजे तत्त्व.

३० मे
उघड्या लोखंडावर गंज. यंदा हवाच दमट. डार्लीन म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. झोप लागत नाही. तेही हवेमुळेच.

४ जुलै
मिरवणूक. सासूबाई शेजारच्या ड्वेनच्या पिकअपमध्ये. हात हलवत होत्या, लोक नव्हते त्या बाजूलाही. दोन हॉट डॉग खाल्ले. लाज वाटली. उद्याच दुकान ठरवतो.

२७ जुलै
ठरलं. टोलेडो. त्यानं चघळत चघळत विचारलं, मार्चमध्येच का नाही दिलेत साहेब? म्हटलं, तुलनात्मक अभ्यास चालू होता.

१२ ऑक्टोबर
बंपर बसवले. आरसा! माझी निवड अचूक ठरली. सासूबाईंना हाताला धरून ड्राइव्हवेवर आणलं, गाडीसमोर उभं केलं आणि डार्लीनला हाक मारायला वळलो. आम्ही आलो तेव्हा त्या टक लावून बघत होत्या. म्हणाल्या, काय लखलखतंय रे बाबा, अगदी एल्मरच्या वेळेसारखं. थांबलास ते बरंच केलंस. डार्लीन रडत आत गेली.

‘आनंदानं रडत’ असं लिहिलं होतं. खोडलं. सासूबाईंचं तोंड रस्त्याकडे होतं. ब्युइक त्यांच्या पाठीमागे होती.