गोलात बसवलेला मामा

मु. पो. माले, ता. मुळशी

चि. सौ. रंभा हीस दादाचे अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचं घोरणं? इकडे भात झोडून झालं, सगळे खुशाल. तुझ्या पिंकीच्या लग्नाला यायचं की नाही, ते शेवटी लिहितो.

पत्रास कारण तुझा भाचा रोहित. (नोकरी हिंजवडीत, अक्कल घरात ठेवून जातो.) हवापालट म्हणून त्यानं मला ताम्हिणीला नेलं, तर तिथं निघाली ग्रुप थेरपी! मन लवचिक करायचं म्हणे. तुझ्या थोरल्या शुभांगीच्या लग्नात तुम्ही मामाच्या आधी त्या प्लॉटवाल्या बिल्डरला फेटा बांधलात, तेव्हापासून मी तुझा उंबरा चढलो नाही, हा म्हणे माझा ताठपणा. अपमान तुम्ही केलात आणि उपचार माझ्यावर!

सगळ्यांना गोल बसवलं. मी वयानं मोठा, म्हणून पहिली जागा कुठली ते विचारलं. उपचार करणाऱ्या दिशाबाई (वय रोहितएवढं) म्हणाल्या, गोलात पहिलं-शेवटचं नसतं. असली बैठक मी जन्मात पाहिली नव्हती. मग मनात सलणारा विचार झाडाच्या पानावर ठेवून ओढ्यात सोडायचा. बाकीच्या पोरांनी आपापले मॅनेजर सोडले, ते भराभर वाहून गेले. मी बिल्डर सोडला, तर तो खडकाला अडकून तिथंच गरगरायला लागला. ढकलायला वाकलो आणि धोतरासकट ओढ्यात बसलो. चौघांनी ओढून काढलं. तसाच ओला मी फेट्याची हकीकत सांगत सुटलो, तर अख्खा गट माझ्या बाजूचा झाला. दिशाबाईंनी मात्र विचारलं, फेटा मोठा की पिंकी? मी म्हणालो, "बाई, असं इचारत्यात व्हय? बोहल्यावर पोरीच्या पाठीशी मामा न्हाई, तर काय बिल्डर उभा ऱ्हानार?" आणि रडूच आलं गं. पिंकीला मी खांद्यावर खेळवलंय.

तेव्हा मी आता लवचिक झालो आहे. पत्रिकेचा नुसता फोटो मोबाइलवर धाडलास, फोटोवर कुणी लग्नाला येत नसतं, तरी येतो.

तुझा वाकलेला दादा,
बहिरू

ता. क. फेटा मी घरूनच बांधून येईन. आधी कुणाला, हा प्रश्नच नको.

आणखी ता. क. फेटा बांधून रोहितच्या गाडीत बसायचं तर मान वाकवावी लागते. तेवढं जमायचं नाही. दाजींना म्हणावं, उघडी जीप घेऊन स्वतः न्यायला या.